जावयाची वांगी घेऊन धुळे–पिंपळनेर

माणूस प्रवास करतो तो देवासाठी, लग्नासाठी, नाहीतर कोर्टाच्या तारखेसाठी. मी हा प्रवास केला वांग्यांसाठी. जावयावर विश्वास नव्हता हे दुसरं कारण. खरं विचाराल तर पहिलं.

परवा इथे कुणीतरी विचारलं होतं, जळगावकडून पिंपळनेरला कसं जायचं आणि वाटेत काय खायचं. ते सांगतेच. पण मी गेले तो काळ नव्वद सालानंतरचा. रस्ता एकेरी होता आणि एसटीच्या सगळ्या खिडक्यांना काचा असतील असं नव्हतं. तेव्हाची तिकिटं विचारू नका, आज ऐकून हसाल. रस्ता मात्र तोच आहे, आणि माणसंही तीच आहेत.

आमचं गाव जामनेरजवळ. मालक गेल्यावर विहिरीजवळचा तुकडा माझ्याकडे राहिला, तो मी वाट्यानं देत असे. मुलगा दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला. कॉलनीतल्या तुळशीवर पडलेली राख झटकायची, एवढाच त्याचा मातीशी संबंध. मुलगी कमल पिंपळनेरला दिलेली. तिचा नवरा भास्कर, म्हणजे माझा जावई. भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि त्याच्या वाटेला थोडीच जमीन आली. तेवढ्यात त्याच्या डोक्यात शिरलं की औषध न मारता, युरिया न टाकता भाजी पिकवायची. आमच्याकडे फवारायच्या विषाला औषधच म्हणतात. कुणाचं ते विचारू नये.

दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "मामी, तुमचा तुकडा मला कसायला द्या. तिकडची जमीन भावाला देतो आणि आम्ही सगळे इकडे येतो. तुमच्या विहिरीला पाणी आहे, बाजार जवळ आहे. पण सांगून ठेवतो, युरियाचा दाणा पडणार नाही."

लेक हाकेच्या अंतरावर आली तर कोणाला नको असतं? पण म्हणून जमीन कुणाच्याही हातात द्यायची नसते. बिनऔषधाचा माल आहे म्हणून तो धुळ्याच्या एका शेठला चढ्या भावानं वांगी देत होता. मी म्हटलं, आज हा शेठला फसवतो, उद्या मला फसवेल. आणि फसवत नसेल तर तुकडा ओसाड पाडेल.

आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे माझा संशय कळेल. विकायचा मळा वेगळा असतो आणि घरचा वाफा वेगळा. मळ्यात आठवड्याला औषधाचा पंप फिरतो. घरच्या वाफ्यात चार ओळी असतात, त्यांना फक्त राख आणि शेण. ती भाजी घरात शिजते आणि लेकीसुनांना वानोळा म्हणून जाते. कोणी बोलत नाही, पण करतात सगळे. तेव्हा जावयानं मला आजवर जी वांगी आणून दिली ती गोड होती यात नवल काय? ती घरच्या वाफ्यातली असणार. मळ्याचं काय, हा प्रश्न होता.

मुलगा म्हणाला, "माय, धुळ्याला एका संस्थेची प्रयोगशाळा निघालीय. भाजीत औषध आहे की नाही ते तपासून देतात. कागद घे त्याच्याकडून. कागद नाही तर तुकडा नाही."

जावयाला सांगितलं तर तो लगेच हो म्हणाला. लगेच हो म्हणणारा माणूस मला आवडत नाही. ठरलं असं की साक्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ तो वांगी पाठवणार आणि मी धुळ्याच्या स्टँडवर घेऊन स्वतः तपासायला नेणार.

थंडीचे दिवस होते. जामनेरहून पहिल्या गाडीनं जळगाव. स्टँडवर केळी घ्या, बाकी काही घेऊ नका, पुढे बरं मिळतं. जळगावहून धुळ्याला सकाळी जायचं असेल तर कोणत्याही बाजूला बसा, ऊन पाठीमागे राहतं. दुपारी निघालात तर पदर डोळ्यांवर ओढून बसावं लागेल. एरंडोलपर्यंत कापसाच्या बैलगाड्या जिनिंगकडे निघालेल्या, एकीमागे एक. पारोळ्याला गाडी थांबते तिथे किल्ल्याची भिंत दिसते. बघायची तर उतरून बघा. मी चहा घेतला. चहात आलं होतं, दूध नावाला.

माझ्या पुढच्या बाकावर दोन शेतकरी होते. एकाच्या टोपलीत हिरव्या मिरच्या, काय चकाकत होत्या.

"सोमवारले औषध मारं, बुधवारले तोडा माल," तो सांगत होता.

"मंग घर काय खातस?"

"घरनी मिरची येगळी शे ना भो."

मी मागून म्हटलं, "आणि बाजारात घेतो त्याचं काय?"

तो वळला. माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, धुवानं. बठ्ठं धुवाई जास." बठ्ठं म्हणजे सगळं. मग टोपलीवर उपरणं ओढून घेतलं. मिरचीला ऊन लागत होतं की माझी नजर, त्यालाच माहीत.

धुळ्याला स्टँडवर ड्रायव्हरनं पिशवी हातात दिली. आत डझनभर वांगी, भरताची, मोठी, हिरव्या अंगावर पांढऱ्या रेघा. पिशवी कमलनं शिवलेली, टाके मी ओळखते. ती घेऊन रिक्षानं प्रयोगशाळेत गेले. नाव लिहीत नाही, आता ती तिथे नाहीही. गावाबाहेर दोन खोल्या, पुढे ओसरी, ओसरीत बाक. बाकावर माझ्यासारखे बरेच बसलेले. कोणाजवळ टमाटे, कोणाजवळ मेथी. एका म्हाताऱ्यानं विहिरीचं पाणी आणलं होतं.

आत एक मॅडम होत्या. पांढरा कोट, नाकावर घसरणारा चष्मा. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी वांग्यांना हातही लावला नाही. पिशवीकडे बघत राहिल्या.

"आजी, ही पिशवी कुठली?"

"घरी शिवलेली."

"कापड कशाचं?"

"गोणीचं."

"गोणी कशाची?"

मी पिशवी उलटी करून पाहिली. धुऊन धुऊन फिकट झालेली निळी अक्षरं होती. खताच्या गोणीची होती पिशवी. आमच्याकडे सगळ्या पिशव्या त्याच असतात. फाटत नाहीत, भिजत नाहीत, फुकट मिळतात. बाजारहाट त्यातच, शाळेचं दप्तर त्याचंच, आणि माहेरी लाडू जातात तेही त्यातच.

मॅडम ओसरीत आल्या आणि बाकाकडे बघून म्हणाल्या, "खताची गोणी कोणाकोणाची आहे?"

सगळ्यांनी आपापल्या पिशव्या उलट्या केल्या. मग सगळेच पायाकडे बघायला लागले. पाणीवाला म्हातारा तेवढा ताठ बसला होता. त्याच्याजवळ पिशवी नव्हती, पत्र्याचा डबा होता.

"बाबा, हा डबा कशाचा?"

"औषधना. पण तीन पाणी धुयेल शे, बाई."

मॅडमनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "सकाळपासून एकही नमुना धड आला नाही. अख्ख्या जिल्ह्यात एक कापडी पिशवी उरली नाही का? औषध शोधायचं आणि खताच्या गोणीत, औषधाच्या डब्यात घालून आणायचं."

बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. मला वाटलं, जावयानं मुद्दाम केलं. पिशवीच अशी द्यायची की कागदच मिळू नये. वर दोष कमलच्या टाक्यांना.

मी हलले नाही. मॅडम जेवायला बसल्या तरी दारात उभी. शेवटी त्यांनी आत बोलावलं. मी विचारलं, "युरिया टाकला की शेणखत, हे तुमच्या काचेच्या नळीत कळतं का?"

"पुरतं नाही कळत," त्या म्हणाल्या. "भाजीत नायट्रेट किती हे मोजता येतं. पण शेणखत जास्त झालं तरी ते वाढतं, त्यामुळे त्याच्यावर शपथ घेता येत नाही. बाहेरच्या देशात नायट्रोजनमधला जड भाग आणि हलका भाग मोजतात. शेणखतावरच्या भाजीत जड थोडा जास्त निघतो. ते यंत्र इथे नाही. आणि असतं तरी, तुमच्या जावयानं ताग पेरून गाडला असेल तर त्याचा नायट्रोजन हवेतला, हलका. युरियासारखाच दिसायचा. खरा माणूस खोटा ठरायचा."

"मग तुम्ही सांगता काय?"

"औषधाचा अंश आहे की नाही ते. तेही मारून बरेच दिवस झाले असतील तर सापडणार नाही."

"म्हणजे कागद अर्धाच."

"अर्धाच. पण जेवढा आहे तेवढा खरा."

हे मला आवडलं. अर्धा म्हणणारी बाई पूर्ण म्हणणाऱ्या जावयापेक्षा बरी. त्यांच्या डब्यात गवारीची भाजी होती. मी विचारलं, "ही गवार कुठली?" त्या घासभर थांबल्या. "मंडईतली. धुऊन घेते." आणि डबा थोडा आपल्याकडे ओढला.

निघताना त्यांनी नीट समजावलं. कोरं सुती कापड घ्या. शेताच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून एकेक वांगं तोडा. मालकाला तोडू देऊ नका. मी म्हटलं, ते सांगायला नको.

गावात येऊन मांजरपाट घेतला आणि रस्त्यावरच्या शिंप्याकडून दोन पिशव्या शिवून घेतल्या. दोन का, ते मी कोणाला सांगितलं नाही. तिथून जवळच तो शेठ होता, जावयाची वांगी विकणारा. जैन माणूस, राजस्थानकडचा, बोलायला गोड. दुकानात पाटी, 'बिनविषारी भाजी'. गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टरांच्या बायका आणि बँकेतले साहेब. वांग्यांच्या ढिगात वरचं प्रत्येक वांगं भोकाचं.

"अक्का, भोक हाच आमचा शिक्का," शेठ म्हणाला. "औषध असतं तर अळी राहिली असती का?"

मी दोन वांगी विकत घेतली आणि तिथेच मोडली. एकात अळी होती, गुलाबी, चांगली पोसलेली. दुसऱ्यात भोक सरळ आत गेलेलं, कडा स्वच्छ, किडीची घाण नाही, काही नाही.

"यातली अळी कुठे गेली?"

"निघून गेली असेल."

"दाभण घेऊन गेली का?"

शेठ हसला. मी विचारलं, "तुम्ही घरी खाता ही?" तो म्हणाला, "आमच्यात वांगं चालत नाही, अक्का. बहुबीज, बियांत जीव फार." घ्या. ज्याच्या घरात वांगं शिजत नाही तो वांग्याच्या खरेपणाची पाटी लावून बसलाय. दाभण त्याच्या नोकराचं की माझ्या जावयाचं, एवढंच आता बघायचं होतं.

धुळ्यात जेवायचं तर शेवभाजी खा. तिखट झेपत नसेल तर खाऊ नका आणि मग कमी तिखट मागूही नका. दुपारची गाडी पकडून साक्री, तिथून पिंपळनेर. साक्रीपासून पुढे डोंगर दिसायला लागतात आणि हवा बदलते. 'का?' विचारायला आमच्या जामनेरकडे 'काहून' म्हणतात, तिकडे 'काबर'. पिंपळनेरला आठवडे बाजार असेल त्या दिवशी जा. डोंगरातल्या कोकणी आदिवासी बाया नागली आणि रानातल्या भाज्या घेऊन येतात. त्यांची भाजी कोणी तपासायला नेत नाही, कारण औषध घ्यायला त्यांच्याजवळ पैसेच नसतात.

मला दारात बघून कमलच्या हातातला तवा खाली आला. "माय, तू एकटीच उनी? काबर व?"

"वांगी बघायला," मी म्हटलं.

घरात कमल, जावई, दोन पोरं आणि व्याही, म्हणजे जावयाचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणतात. शेकोटीशी बसलेले, अंगात कोपरी, डोक्यावर मफलर. माझ्याशी बोलताना मान वळवून बोलायचे, जुन्या रीतीचा माणूस. दिवे गेलेले होते. कमलनं कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचली, वर कांद्याची पात. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. मी दोन भाकरी खाल्ल्या. वांगी घरच्या वाफ्यातली, असं कमल म्हणाली. मी मनात म्हटलं, असणारच.

जावयाला पिशवीबद्दल विचारलं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "मामी, माझ्या ध्यानातच नाही आलं." चेहरा खरा वाटत होता. पण नाटकात काम केलेला माणूस आहे, लग्नाआधी गणपतीत उभा राहायचा.

सकाळी उठले तेव्हा धुकं होतं. मी दोन्ही पिशव्या घेऊन शेतात गेले. वाटेत गोठा. गोठ्यात कोपऱ्यात युरियाची गोणी, अर्धी भरलेली. माझे पाय थांबले. मनात म्हटलं, सापडलास.

मागून कमल आलेली. मी गोणीकडे बोट दाखवलं.

"माय, तो युरिया वांगास्ना नही," ती म्हणाली. "कुट्टीवर शिंपडतस, ढोरंस्साठे. सरकारी डॉक्टरनी दखाडं व्हतं."

हे मी ऐकलं होतं. सुकी कुट्टी युरियाच्या पाण्यात भिजवून झाकून ठेवतात आणि ढोरांना घालतात. पण मग तेच शेण, तेच खत. युरिया दारातून नाही तर गायीतून शेतात जातो. मी हे कमलला म्हटलं तर ती म्हणाली, "मग आते गायले बी प्रयोगशाळामा धाडू का?" पोरगी माझीच आहे, तोंड कुठून आलं ते मला माहीत आहे.

घराला लागून छोटा वाफा होता, चार ओळी. पानांवर राख पसरलेली. कमल म्हणाली, आबा रोज सकाळी राख मारतात, अळ्या हातानं वेचतात, दुसऱ्या कोणाला तिथे हात लावू देत नाहीत. त्या वाफ्यातून मी काही वांगी तोडली आणि पिशवीला एक गाठ मारली. मग मोठ्या मळ्यात गेले. चारही कोपरे आणि मधला भाग, मॅडमनी सांगितलं तसं. या पिशवीला दोन गाठी. मळ्यातल्या वांग्यांना भोकं होती. पण भोकांवरचा माझा विश्वास धुळ्याच्या दुकानात उडाला होता. वाटलं, दिवाळीपासून यानं फवारणी बंद ठेवली असेल, कागदापुरती.

दोन पिशव्या कशाला, तर हिशेब सोपा होता. घरच्या वाफ्यात काही निघणार नाही. मळ्यात निघालं, तर याची लबाडी उघडी. दोन्हींत नाही निघालं, तर विचार करू.

जावई म्हणाला, मी पण येतो. मी म्हटलं, चला. दोघं एकाच बाकावर बसून धुळ्याला गेलो, मध्ये पिशव्या. तो पिशव्यांकडे बघत नव्हता. ज्याला भीती असते तो बघतो, असं म्हणतात. पण ज्याला जास्त भीती असते तो बघतच नाही.

मॅडमनी मांजरपाट चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, "शाबास." मग म्हणाल्या, उद्या या. त्या रात्री जावई त्याच्या मित्राकडे गेला आणि मी धर्मशाळेत राहिले. तिथल्या पांघरुणाबद्दल काही लिहीत नाही. आपली चादर न्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांनाही आत बोलावलं. वांगी चिरून, कुटून, कसल्याशा उग्र पाण्यात घुसळून अर्क काढला होता. टेबलावर काचेची पट्टी, तिच्यावर पांढरा लेप. खाली ओळीनं ठिपके. एका टोकाला खरं औषध, ओळख पटवायला ठेवलेलं. बाकीचे ठिपके आमचे. पट्टीवर कसलंसं पाणी शिंपडलं की औषध असेल तिथे पिवळा डाग उमटतो.

डाग दोन होते. एक टोकाच्या औषधाचा. त्याच उंचीवर दुसरा.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि बरंच आहे. दोन-चार दिवसांत मारलेलं असणार."

मी जावयाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, मी दोन वर्षांत पंप हातात घेतला नाही," तो म्हणाला. "पंप विकून टाकला मी."

"दोन गाठींची पिशवी ना?" मी विचारलं.

मॅडमनी कागद बघितला. "नाही आजी. दोन गाठींचं स्वच्छ आहे. हा डाग एका गाठीचा."

मी त्यांना परत बघायला लावलं. त्यांनी परत बघितलं. एक गाठ.

"एका गाठीची कुठली?" जावयानं विचारलं. त्याला दोन पिशव्यांचं कारण ठाऊकच नव्हतं.

"घरच्या वाफ्यातली," मी म्हटलं.

तो बाहेर ओसरीत जाऊन बाकावर बसला. मी बाजूला बसले. तो म्हणाला, "आबांचा वाफा. राख मारतो म्हणायचे." आणि मग, "पोरं रोज तेच खातात, मामी."

मी दोन भाकरींबरोबर काय खाल्लं होतं तेही मला आठवलं.

स्टँडवर जळगावची गाडी समोर उभी होती. मी तिच्यात बसले नाही. साक्रीच्या गाडीत बसले, जावयाशेजारी. दाभणाचं मी वाटेत विचारलं. तो म्हणाला, शेठचा नोकर भोकं पाडतो, मी दोनदा भांडलो. यावर विश्वास ठेवायला आता मला फारसा त्रास झाला नाही.

घरी पोचलो तेव्हा आबा शेकोटीशीच होते. विहिणीनं व्याह्याला जाब विचारायचा नसतो. मी भिंतीकडे तोंड करून बोलले, म्हणजे रीत राहिली.

"घरच्या वांग्यात औषध निघालं. राखेखाली पंप कोणाचा फिरतो?"

आबांनी काडीनं निखारे हलवले. मग ते पण भिंतीशीच बोलले. "पंप शेजारना. मी मागी आनस."

"काबर, आबा?" जावई म्हणाला.

"काबर म्हंजे? तू बठ्ठा किडेल माल पिकाडस. शेठ लोकेस्ले कीडा चालतस, त्या पैसा दीसन खातस. मन्हा पोरेस्ना ताटमा कीडा नको. मी चांगलं वांग खावाडस त्यास्ले."

म्हाताऱ्यानं विष घातलं होतं ते पोरांच्या मायेनंच. अळी दिसते, म्हणून ती वाईट. औषध दिसत नाही. आणि जावई? चांगला माल सगळा शेठच्या टोपलीत भरत होता. घरात काय शिजतं ते त्यानं दोन वर्षांत कधी बघितलं नव्हतं. कमल चुलीशी होती. ती म्हणाली, "मळामधलं एक बी वांग घरमा येत नही. मी मागं तं म्हनस, शेठनी ऑर्डर शे."

जावयानं मान खाली घातली. मी इतके दिवस ज्या लबाडीच्या मागे होते ती सापडली नव्हती. सापडलं ते वेगळंच, आणि त्याचा कागद कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही.

मग मी माझा निकाल सांगितला. तुकडा देते. पण पहिल्या चार ओळी घरच्या, त्यातलं आधी घरात येईल, उरलं तर शेठ. आणि पंप, उसना किंवा विकतचा, माझ्या शेताच्या बांधावर दिसता कामा नये.

जावई हो म्हणाला. या वेळी जरा वेळ घेऊन म्हणाला, म्हणून मी मानलं.

आबा म्हणाले, "आनि किडा निंघना तं?"

"तुमच्या ताटातला मी काढून देईन," मी भिंतीला सांगितलं.

परतीचा रस्ता तोच. पारोळ्याला चहा घेतला नाही, एकदा घेतला ते पुरे. जळगावला उतरून मांजरपाटाच्या दोन्ही पिशव्या धुऊन टाकल्या स्टँडच्या नळावर, आणि त्यात केळी भरून घरी आले. मुलानं कागद मागितला. मी दिला. त्यानं दोन्ही बाजूंनी वाचला आणि म्हणाला, "माय, यात तर औषध आहे लिहिलंय, आणि तू तुकडा दिला?" मी म्हटलं, "कागद वाचता येतो तुला. घर नाही वाचता येत."

गुढीपाडव्यानंतर ते आले. टेंपोतून सामान उतरवलं, ढोरं आधीच आली होती. कमल आता दोन शेतं ओलांडून राहते आणि रोज भांडायला येते. वांगी मिळतात. भोकं असतात, अळी असते, तेवढा भाग कापून मी भाजते. चव आहे.

आजकाल शहरात पाकिटावर हिरवं पान छापलेलं असतं आणि खाली काहीतरी इंग्रजीत. नात घेऊन येते. तिच्याबरोबर दुकानात गेले की मी पाकीट बघत नाही. दुकानदाराला विचारते, तुझ्या घरी कोणती भाजी शिजते? बहुतेक जण विषय बदलतात.

आणि आबा. टेंपोतून सामान उतरवताना त्यांच्या वळकटीतून पितळेची नळी बाहेर आली होती. नवा पंप, बिछान्यात गुंडाळलेला. मी तो काढून घेतला आणि माझ्या घरात खुंटीला टांगला. ते म्हणाले, असू दे, विहिरीवर झाडांना पाणी मारायला होईल. पण आबा होते तोवर, दर आठवड्याला, कोणी नसताना, मी त्या नळीचं तोंड हुंगून बघत असे.